जोत्याचा नमस्कार

पहिला गेम बघून मी पोट धरून हसलो होतो. त्या हसण्यापासनंच सगळं सुरू झालं, म्हणून तिथनंच सांगतो.

मी ज्योतीराम साळुंखे. शाळा पाचवीपर्यंत, ती पण मास्तर मवाळ होता म्हणून. बत्तीस वर्षं कुंभारखिंडीच्या घाटात ट्रक चालवला. वर देशावर साखर, गूळ, कांदा भरायचा, खाली कोकणात उतरवायचा. येताना चिरा, आंबा, मिळेल ते. चाळीस वळणं आहेत त्या घाटात. कुठल्या वळणावर कितवा गिअर, ते झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन.

माझी पोरगी वैजयंता. ती आईवर गेली, म्हणजे हुशार निघाली. पुण्यात गेम तयार करणाऱ्या कंपनीत आहे. तिनं आणि तिच्या टोळीनं आमचाच घाट घेऊन ट्रकच्या रेसचा गेम काढला, 'घाटवाट'. सुट्टीला आली तेव्हा टीव्हीला जोडला आणि बटणांचा डबा माझ्या हातात दिला.

"आण्णा, खेळा आणि खरं सांगा."

दुसऱ्याच वळणावर मला हसू फुटलं.

"काय झालं?"

"अगं, हा ट्रक आहे का साबणाची वडी? नुसता सरकतोय. सोळा टन साखर भरलीय म्हणतेस, मग रिकाम्यासारखा कसा वळतोय? मी मघापासनं ब्रेकवर उभा आहे, ब्रेक तापला का? पाऊस आला तर नुसता पडदा निळा झाला, रस्ता कोरडाच. आणि ह्या बाकीच्या गाड्या बघ! मुंग्यांच्या रांगेगत एकामागनं एक. कोण चालवतंय ह्या?"

"कोणी नाही आण्णा. रस्त्यावर एक न दिसणारी रेघ मारलीय. त्या रेघेवरनं पळतात."

"मग तेच म्हणतोय मी. ह्यात माणूस नाही."

तिला राग आला नाही. वही काढली आणि मी बोललेलं सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य दोनदा गिरवलं. ते मी बघितलं होतं, पण तेव्हा आपलं कौतुकच वाटलं.

*

वर्षानं फोन. "आण्णा, दुसरा भाग काढतोय. तुम्ही हसला होता ना? आता तुम्हीच चालवा."

घाटाच्या पायथ्याला त्यांनी एक ट्रक आणून उभा केला होता. स्टेअरिंगच्या आत, ब्रेकखाली, सीटमध्ये, सगळीकडं बारीक बारीक यंत्रं. काचेवर चार कॅमेरे. मला हातमोजे दिले, ते पण वायरचे.

वैजूनं मला समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. पहिल्या गेमात गाडी गणितावर चालायची. एवढा वेग, एवढं वळण, तर इतकं फिरव. दुसऱ्यात गणित बाजूला ठेवायचं. ड्रायव्हरला समोर काय दिसतं ते कॅमेरा टिपणार, आणि ते दिसल्यावर त्याचा हात काय करतो, पाय काय करतो ते यंत्र टिपणार. असं शेकडो फेऱ्या. मग मशीन जोड्या लावतं. हे दिसलं की हात असा, ते दिसलं की पाय तसा. का, ते मशीन विचारत नाही. फक्त जोडी लावतं. पुरेशा जोड्या जमल्या की तो हात तयार. मग त्याला नवीन रस्ता दाखवा, तरी तो तुमच्यासारखाच चालवणार.

"म्हणजे माझा हात कापून घेणार तुम्ही," मी म्हणलं.

"कापून नाही आण्णा. उतरवून."

चाळीस ड्रायव्हर तपासले त्यांनी. त्यात मी निवडला गेलो, आणि माझा जोडीदार दस्तगीर मुलाणी पडला. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. बावीस वर्षं एका केबिनमध्ये काढली आम्ही, आळीपाळीनं चालवलं, एका डब्यात जेवलो. मला वाटलं नाराज होईल. तो म्हणला, "जोत्या, तुझा हात घेतला म्हंजे माझा घेतल्यासारखाच हाय. तुला ब्रेक माराय कुणी शिकवलं?"

ते खरं होतं. दोन छोटे, एक मोठा. फुस, फुस, फुस्स्स. वळणाआधी मी असाच ब्रेक मारतो, ते दस्तगीरचंच.

सगळं सुरळीत चाललं होतं. अडलं ते पंचविसाव्या वळणावर. तिथं वाटजाई आहे. देऊळ वगैरे नाही हो, डोंगराच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड. खाली उतरताना वळण संपता संपता डाव्या हाताला दिसते. तिथं प्रत्येक ड्रायव्हर हात करतो. पाय ॲक्सिलेटरवरनं वर, डावा हात गिअरवर असतोच, उजवा स्टेअरिंग सोडून कपाळाला आणि छातीला. अर्धा सेकंद. पाच वक्त नमाज पढणारा दस्तगीर पण करायचा. म्हणायचा, "वाट तिची हाय. सलाम तर घातला पायजे."

वैजूनं पडद्यावर ते दाखवलं. "आण्णा, हा तुकडा मी कापते. इथं स्टेअरिंगवर हातच नाही. मशीनला ह्याचा अर्थ लागणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "काय कापतेस? बत्तीस वर्षांत एक अपघात नाही माझा, तो कुणामुळं? ते कापायचं असेल तर माझं सगळंच कापा. माझा हात पाहिजे तर तिच्यासकट न्या."

चार पोरं-पोरी बघत होती. वैजू लाल झाली. हळूच म्हणली, "बरं. राहू दे."

राहिला. माझ्या शब्दावर राहिला. हे लक्षात ठेवा.

*

'घाटवाट दोन' आला आणि मला हसता आलं नाही.

घरी स्टेअरिंग आणि पॅडल जोडून दिले होते वैजूनं. पहिलंच वळण घेतलं आणि स्टेअरिंगनं हाताला ओढ दिली. खरी ओढ. मागं सोळा टन साखर बसलीय हे खांद्याला कळलं. ब्रेक जास्त वापरला तर तापून पायाखाली पोकळ लागायला लागला. पाण्याचा टँकर घेतला, तर वळण संपल्यावर आतलं पाणी हेलकावून गाडीला दुसऱ्या अंगाला ढकलत होतं. पाऊस पडला तर रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलेलं, त्यावर चाक गेलं की क्षणभर गाडी हवेत असल्यासारखी. मी खेळताना घामेघूम झालो. घरची म्हणली, "रिटायर झालात ना? मग परत कशाला त्या घाटात गेलात?"

आणि शर्यतीत समोर कोण? मुंग्यांची रांग नाही. वेगवेगळे हात. कोण तापट, कोण भित्रा. सगळ्यात पुढं एक लाल ट्रक, त्यावर नाव 'जोत्या'. त्याला हरवणं सगळ्यात अवघड. वळणापलीकडनं ब्रेकचा आवाज आला, दोन छोटे, एक मोठा. मीच माझ्या पुढं चाललो होतो.

दस्तगीर आला खेळायला. एका डोळ्यानं खेळला आणि तिसऱ्या डावात 'जोत्या'ला मागं टाकून खुर्चीत उड्या मारायला लागला.

"कसं काय रं?"

"सगळ्या खेळणाऱ्यांना ठावं झालंय. वाटजाईला तू नमस्कार करतोस आन् डावीकडं जातोस. उजवीकडनं घुसायचं! 'जोत्याचा नमस्कार' म्हणत्यात त्याला."

मी परत लावून बघितलं. लाल ट्रक वळणावर आला, शेंदरी दगड दिसला, अर्धा सेकंद सैल पडला आणि हातभर डावीकडं, दगडाच्या अंगाला गेला. मग सावरला.

"मी असा जात नाही," मी म्हणलं.

"जातोस की! समोर दिसतंय."

"नाही जात, दस्त्या."

"हारलास म्हणून रडू नकोस. चहा सांग."

चहा सांगितला आणि विषय तिथंच सोडला. गेमच आहे, म्हणलं, जाऊ दे हातभर. तिथला रस्ता तसाही खऱ्यापेक्षा रुंद केलेला, खेळणाऱ्यानं सारखं दरीत पडू नये म्हणून. वैजूला फोन करावा असं पण वाटलं नाही. पोस्टरवर आपलं नाव असलं की माणूस खोड काढत बसत नाही.

*

पुढच्या वर्षी भादव्यात, शनिवारी सकाळी, दस्तगीर दारात उभा. अंगात नवं कोरं जाकीट. नारिंगी, असं भडक की डोळे दिपावेत.

त्याला घाटात काम लागलं होतं. सव्विसाव्या वळणावर रस्ता रुंद करत होते, तिथं झेंडी दाखवायचं. लायसन गेल्यापासनं घरात बसून वाळत चालला होता, त्यामुळं स्वारी खुशीत.

"कसा दिसतो?"

"पिकलेल्या पपईगत."

"हास. सोमवारपासनं घाटात बिनड्रायव्हरच्या गाड्या सुरू. काल आम्हाला शिकवणी होती. मी साहेबाला विचारलं, ह्या चालवणार कोण? तो म्हणला, ह्यात गेममधला सगळ्यात चांगला हात बसवलाय." त्यानं माझ्या पाठीत थाप मारली. "तुझा हात, जोत्या! आपण दोघं परत एका घाटात!"

वैजू बोलली होती मागं, की कंपनीनं हात कुठल्या तरी ट्रकवाल्यांना दिलाय. मी ऐकून मिशीला पीळ दिला होता. पण आता दस्तगीर दारात उभा होता, उन्हात, रस्त्याच्या कडेला, आणि ते जाकीट पेटल्यासारखं दिसत होतं. शेंदरासारखं.

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"वैजू," मी फोनवर म्हणलं, "वाटजाईला तुझा ट्रक डावीकडं का जातो?"

"तुम्ही हात सोडता ना, आण्णा. रस्त्याला पाणी जायला कडेच्या बाजूनं उतार असतो. हात सुटला की गाडी उताराला लागते."

"मग मी का जात नाही?"

ती काही म्हणायच्या आधी मीच सांगितलं.

"मी नाही जात, कारण मी वळण लागायच्या आधीच गाडी हातभर उजवीकडं घेतो. मग हात सोडतो. मग ती आपोआप जागेवर येते. सगळेच घेतात. तुझ्या मशीननं ते का नाही घेतलं?"

तिनं कीबोर्डवर काहीतरी काढून बघितलं. मग ती बोलली तेव्हा आवाज बदललेला होता.

"आण्णा, तुम्ही उजवीकडं घेता तेव्हा वाटजाई कॅमेऱ्यात दिसतच नाही. ती डोंगराच्या आड असते."

"मला कशाला दिसायला पाहिजे? मला माहीत आहे की ती आहे तिथं."

"मशीनला नाही ना माहीत. त्याला दिसल्याशिवाय जोडी लागत नाही. तुमचं ते उजवीकडं घेणं त्याला बिनकारणाचं वाटलं. हात थरथरला असेल असं समजून त्यानं पुसून टाकलं. आणि हात सोडायच्या वेळेला समोर शेंदरी रंग होता. ती जोडी पक्की लागली."

म्हणजे माझा नमस्कार घेतला आणि नमस्काराआधीची काळजी टाकून दिली.

"वैजू, तुझ्या त्या गेमात सव्विसाव्या वळणावर एक माणूस उभा कर. कडेला. नारिंगी जाकीट घाल त्याला."

तिनं फोनवर चित्र दाखवलं. मी आणि दस्तगीर, दोघं डोकं लावून बघत होतो. लाल ट्रक आला. दोन छोटे ब्रेक, एक मोठा. कडेला जाकीटवाला बाहुला. ट्रक सैल पडला आणि डावीकडं, त्याच्या अंगावर गेला. जेमतेम वीतभर राहिली.

"रिकामा आहे हा," वैजू म्हणली.

"भर."

भरला. ह्यावेळी बाहुला राहिला नाही.

"परत कर."

दहा वेळा केलं तिनं. दहाही वेळा तेच. दस्तगीर हसायचा थांबला होता. म्हणला, "आयला. गेम लई भारी केलाय."

"पण गाडीला माणूस दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतो. पण तो लेनच्या बाहेर आहे, म्हणून ती थांबत नाही. आणि हात सोडणं तिच्या लेखी चूकच नाही. सगळ्यात चांगला ड्रायव्हर तसंच करतो, हे आपणच तिला शिकवलंय." मग एकदम रडवेली होऊन म्हणली, "मी कापत होते, आण्णा. तुम्ही कापू दिलं नाही."

 

*

रविवारी तिनं तिच्या साहेबाला फोनवर घेतलं आणि मलाही जोडलं. कौस्तुभ सर. माणूस गोड, वयानं लहान, मला काका म्हणतो.

"काका, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. मोठी गोष्ट आहे. आम्ही हे तिसऱ्या भागात घेतोय."

"तिसऱ्या म्हणजे?"

"पहिल्यातल्या चुका दुसऱ्यात सुधारल्या, दुसऱ्यातल्या तिसऱ्यात. तसंच असतं हे काम. गाड्यांमधला हात आता सीलबंद आहे. त्यातलं एक काढायचं म्हणजे सगळा परत तपासायला लागतो. तीन-चार महिने तरी जातील. ट्रकवाले उद्याचं उद्घाटन थांबवणार नाहीत."

"अहो, पण दस्तगीर उद्या तिथं उभा असणार."

"आम्ही कळवतो त्यांना. रिकाम्या गाडीला मार्जिन पुरतं, काका."

"भरल्यावर?"

"कळवतो आम्ही."

"साहेब, तुमच्या गेमात माणूस मेला की परत पहिल्या वळणावर उभा राहतो. दस्तगीरला दुसरा भाग नाही."

 मग साहेब म्हणला, "आय अंडरस्टँड, काका," आणि वैजूला थांबायला सांगून मला सोडून दिलं.

संध्याकाळी मी दस्तगीरच्या घरी गेलो. म्हणलं, उद्या जाऊ नकोस.

"पयलाच आठवडा, जोत्या. न गेलो तर कंत्राटदार दुसरा बघंल."

"मग जाकीट घालू नकोस."

"जाकीट न घालता उभा राहू? आरं, त्याच्यामुळंच तर गाडीला मी दिसणार. तसं शिकवलंय आम्हाला." मग माझा चेहरा बघून त्यानं माझा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. "बावीस वर्षं ह्या हाताच्या भरवशावर शेजारच्या सीटवर झोपलोय मी. आता उभं राहायला भ्यायचं?"

*

सोमवारी मी माझी जुनी जीप काढली आणि घाट चढलो. उद्घाटन वरच्या टोकाला होतं, मांडव, बँड, फेटे. सव्विसाव्या वळणावर पोचलो तोपर्यंत दहा वाजून गेले होते. एका अंगाला खणलेलं, दुसऱ्या अंगाला कठडा, आणि कठड्याला पाठ लावून दस्तगीर. मला बघून त्यानं झेंडी हलवली.

"जोत्या! तीन गेल्या. तिन्हींनी मला नमस्कार केला बघ!"

"किती लांबनं गेल्या?"

"पयली हातभर. दुसरी पण तेवढीच." झेंडी खाली आली. "तिसरी जरा जवळनं."

"रिकाम्या होत्या?"

"व्हय. आता साखरंच्या येत्यात."

"जाकीट काढ."

"आरं, मुकादम खालीच—"

"काढ म्हणतो ना, दस्त्या!"

तेवढ्यात वळणापलीकडनं आलं ते. त्या गाड्या बॅटरीवरच्या, इंजिनाचा आवाज नाही. नुसता ब्रेकचा. फुस, फुस, फुस्स्स.

तो आवाज मी उभ्या आयुष्यात फक्त केबिनच्या आतनं ऐकला होता. बाहेर उभं राहून ऐकला तेव्हा क्षणभर मला खरंच वाटलं की मी येतोय. काळजी नको, चांगला ड्रायव्हर आहे. आणि त्या एका क्षणात मी जागचा हललो नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पांढरा ट्रक वळणातनं निघाला. केबिन रिकामी. स्टेअरिंग तेवढं होतं, वेळ पडली तर माणसाला चालवता यावं म्हणून. समोर जाकीट दिसलं आणि ते स्टेअरिंग सैल पडलं. मी बघितलं. चाळीसच्या वेगाला अर्ध्या सेकंदात गाडी अठरा फूट जाते. अठरा फूट सोळा टन साखर कुणाच्याच हातात नव्हती, आणि उतार दस्तगीरच्या अंगाला होता.

मी त्याची कॉलर धरून ओढला. दोघं कठड्यावरनं पलीकडं, दरीच्या अलीकडं रचलेल्या खडीच्या ढिगावर पडलो. झेंडीचा हात तेवढा मागं राहिला होता. ट्रकचा आरसा त्याच्या मनगटाला लागला. काठी मोडावी तसा आवाज झाला.

ट्रक सावरला, आपल्या लेनमध्ये आला, आणि शहाण्यासारखा पुढं निघून गेला.

दस्तगीर ओरडला नाही. मनगट छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणला, "तू असा नव्हतास चालवत."

मी जीप आणून रस्त्यात आडवी लावली आणि चावी दरीत फेकली. रस्ता अडला की त्या गाड्या थांबतात, तेवढं त्यांना बरोबर येतं. एक थांबली, तिच्यामागं दुसरी. अर्ध्या तासात तेरा गाड्यांची रांग लागली. कुठं हॉर्न नाही, शिवी नाही. अशी शांत रांग मी घाटात कधी बघितली नव्हती.

दस्तगीर कठड्याला टेकून बसला होता, जाकीट अंगातच. पहिल्या ट्रकच्या काचेतनं मला रिकाम्या केबिनमधलं स्टेअरिंग दिसत होतं. गाडी उभी. स्टेअरिंग ताठ व्हायचं, सैल पडायचं. परत ताठ, परत सैल. वळणावर उभ्या असलेल्या पुढच्या चार गाड्यांत तेच. जोवर तो त्यांना दिसत होता, तोवर त्या त्याला नमस्कार घालत होत्या.

*

पोलिसांनी मला संध्याकाळपर्यंत चौकीत बसवलं आणि केस घातली. दस्तगीरच्या मनगटात लोखंडी पट्टी बसवलीय, ह्या हातानं आता झेंडी व्हायची नाही. चौकशी झाली. त्यात लिहिलंय की कामगाराचा हात नियम सोडून रस्त्यात आला होता.

वैजूनं मात्र पिच्छा सोडला नाही. तिनं ती दहा चित्रं सगळीकडं पाठवली. तिला कामावरनं काढलं. पण गाड्या चार दिवस थांबल्या. पाचव्या दिवशी सुरू झाल्या, आणि ट्रकवाल्यांनी जाहीर केलं की दोष दूर केलाय.

मी बघायला गेलो. घाटातल्या सगळ्या कामगारांची जाकिटं हिरवी केली होती. नारिंगी डबे, नारिंगी पाट्या, सगळं हिरवं. वाटजाईला चहूबाजूंनी राखाडी पत्रा मारलाय. आत अंधारात बसलीय बिचारी. मशीनला कुणी हात लावलेला नाही. ते तिसऱ्या भागात.

"चालतंय की आता," दस्तगीर म्हणला. "कुणाला काय झालं न्हाई महिनाभर."

"हो," मी म्हणलं.

आज सकाळी त्याच्याकडं गेलो होतो. रशिदावहिनी मागच्या रानात होत्या, कमरेला ओटी बांधून. दरवर्षी त्या अर्धा एकर झेंडू लावतात. ह्या वर्षी काय फुललाय! सगळं रान पेटल्यागत. दस्तगीर डाव्या हातानं टोपल्या रचत होता.

"भावजी, यंदा जास्त न्यायचा हाय," वहिनी म्हणल्या. "ह्यांना आता दुसरं काम न्हाई, दोघंबी बसतो."

"कुठं बसणार?"

"कुठं म्हंजे? दरसालच्या जागी. सव्विसाव्या वळणावर."

परवा दसरा. वरच्या वाड्यांतल्या सगळ्या बाया घाटात येणार. गाड्या वळणावर हळू होतात, म्हणून गिऱ्हाईक तिथंच मिळतं. प्रत्येक वळणाच्या कडेला चादर अंथरून झेंडूचे ढीग लागतील, माणसाच्या छातीएवढे. चाळीस वळणं. आणि सणाची साखर भरून गाड्या उतरणार.

मी कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. तिथल्या बाबानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणला, "काका, आता फुलांचा पण रंग बदलायचा का?" वैजू पुण्यात दोन दिवस फोनला चिकटून बसलीय. ती म्हणते थांबवतील. तिच्या आवाजावरनं मला कळतं.

दस्तगीरला सांगितलं, तर तो रागावला. "झेंडी गेली, लायसन गेलं. आता फुलंबी विकू नको? माझ्या घाटात मी बसाय न्हाई, आन् तुझा हात फिरंल?"

 जीपला नवी चावी करून आणलीय. परवा पहाटेच वर जाणार. पंचविसाव्या आणि सव्विसाव्या वळणाच्या मधे, रस्त्याच्या बरोबर मधोमध जीप लावणार, दारं आतनं बंद करणार आणि बसणार. मागनं जे येईल ते थांबलं पाहिजे, बाया बसायच्या आधीच रांग पार वरच्या वळणापर्यंत गेली पाहिजे. वाटजाई पत्र्याआड आहे, तरी ती कुठं आहे मला माहीत आहे. तिनं समजून घ्यावं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या वळणावर माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर असणार आहेत.